कुळथाची विहीर

डोंगरांची हजेरी घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमच्या शाळेतले भूगोलाचे कुलथे सर. हिवाळ्यात सकाळची प्रार्थना संपली की मुलं वर्गाकडे निघत आणि सर गच्चीकडे. हातात खरोखरचा हजेरीपट असे, फक्त मुलांच्या नावांच्या जागी डोंगरांची नावं लिहिलेली. पश्चिमेकडे तोंड करून ते पुकारत, "अंजनेरी?" मग डोळे बारीक करून स्वतःच उत्तर देत, "हजर." "ब्रह्मगिरी?" "गैरहजर. ढगात आहे." मग उत्तरेला वळून रामशेज, चांभारलेणं. पांडवलेण्याचा डोंगर तर इतका जवळ की त्याला पुकारायची गरजच नव्हती, पण सर त्यालाही पुकारत. जवळ राहतो म्हणून सवलत द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्याच आठवड्यात सर मला म्हणाले, "देवरे बाई, तुम्ही नवीन आहात. उद्या सकाळी वर या, ओळख करून देतो." मला वाटलं, मुख्याध्यापकांशी असेल. म्हणून ठेवणीतली साडी नेसून गेले. सरांनी मला गच्चीच्या कठड्याशी उभं केलं आणि समोर हात करून म्हणाले, "हा अंजनेरी. अंजनेरी, या देवरे बाई. मराठी शिकवतात, पण सांभाळून घे." मला इतका राग आला की त्या दिवशी मी दहावी ब ला विनाकारण शुद्धलेखन घातलं.

सर ठेंगणे, गोरे, बोटं बायकांसारखी निमुळती. सराफ बाजारातल्या सोनाराच्या घरचे. वडिलांचं दुकान धाकट्या भावाने चालवलं, आणि यांनी त्या दुकानातून एकच वस्तू उचलली, सोन्याचा पत्रा ठोकायची चिमुकली हातोडी. ती कायम शर्टाच्या खिशात असायची. कुठेही दगड दिसला की सर उकिडवे बसत, हातोडीने दोनदा टिचकी मारत आणि कान लावून आवाज ऐकत. मग तो दगड चाटत. हो, जिभेने. "जीभ चिकटली की समजावं, यात चिकणमाती आहे," असं शांतपणे सांगत आणि रुमालाने दगड पुसून खिशात टाकत. जिभेबद्दल त्यांना काही वाटत नसे, दगड ओला राहू नये एवढंच. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, कंटाळून त्यांच्या सगळ्या शर्टांना मांजरपाटाचे दुहेरी खिसे लावून दिले होते. मुलांनी त्यांचं नाव 'चाटू' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. "चाटू म्हणजे ढवळायची लाकडी पळी. मास्तराला याहून चांगलं नाव कोणतं मिळणार?" असं वर म्हणायचे.

त्यांचं आणि माझं भांडण कायमचं. एका पोराने भूगोलाच्या पेपरात 'सह्याद्री छाती काढून उभा आहे' असं लिहिलं, तेव्हा तो पेपर घेऊन ते थेट माझ्या वर्गात आले. "हे तुमचं पाप. तुमच्या निबंधात डोंगर नेहमी उभा असतो. अहो बाई, तो बसलेला आहे! हे सगळं एकच पठार होतं. लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला. मग पावसाने लाखो वर्षं ते खरवडून नेलं. आजूबाजूचं सगळं उठून गेलं, हा तेवढा बसून राहिला. म्हणून तो आपल्याला उंच दिसतो." हे त्यांनी अगदी कळवळून सांगितलं. मी मात्र त्यांच्यासमोर हार मानली नाही. त्यांना म्हटलं, बसलेला डोंगर निबंधात बरा दिसत नाही.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. इतकी वर्षं ते मी एका बाईखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझा हात आहे.

त्या काळात आमची शाळा नाताळच्या सुट्टीत श्रमदानाचं शिबिर घेत असे. एका वर्षी सरांनी जांभुळदरा निवडलं. घोटीहून वैतरणेच्या रस्त्याने जीपने जायचं, पुढे तासभर पायी. त्र्यंबकच्या रांगेच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तीस-चाळीस घरं. भाताची खाचरं, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली. पावसाळ्यात तिथे इतका पाऊस की भिंतींना शेवाळ धरतं, आणि होळी झाली की प्यायला पाणी नाही. सरांना याचा फार त्रास होई. एवढं पाणी डोक्यावर पडतं आणि बायका हंडे घेऊन वणवण फिरतात, हे त्यांना स्वतःच्या विषयाचा अपमान वाटे.

सरांनी नकाशा पसरला, उतार पाहिले, आणि गावाखालच्या ओहोळाच्या कडेला खुंटी ठोकली. विहीर इथे. सगळं पाणी उतरून इथेच येणार, त्यांचा हिशेब सरळ होता. गावकरी तयार झाले. शहरातले गुरुजी, एवढा मोठा नकाशा, म्हणजे खरंच असणार. तेवढ्यात एक बाई पुढे आली. चाळिशीची, काटक, कमरेला कोयता. सोमीबाई भोये. ती म्हणाली, "गुरुजी, तिथं कशाला खणताव? पाणी आमच्या पदरात हाय की."

सर थबकले. नकाशावरून मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देवरे बाई, ही काय म्हणते?"

आणि मी, मराठीची एम.ए., बाजूला उभ्या असलेल्या नववीच्या मुलींनाही ऐकू जाईल अशा आवाजात अर्थ सांगितला. "सर, ती म्हणते आहे की जे थोडंफार आमच्या वाट्याला आलं आहे त्यात आम्ही समाधानी आहोत, तुम्ही कष्ट घेऊ नका. पदरात असणं म्हणजे वाट्याला येणं. किती नम्र बोलतात बघा ही माणसं." मुलींनी तो वाक्प्रचार वहीत उतरवून घेतला. सरांचे डोळे पाणावले. ते सोमीबाईला म्हणाले, "समाधान पुरे झालं, सोमीबाई. आता पाणी आणू." ती कोयता सावरत निघून गेली.

आठ दिवस मुलांनी माती काढली. पुढे गावकऱ्यांनी खणलं, सबंध उन्हाळा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायची कामं मागे टाकून, पहार आणि घण घेऊन तीन माणसांच्या उंचीइतकं खोल गेले. लागला तो निव्वळ काळा कातळ. घण मारला की नाणं वाजल्यासारखा आवाज. पाण्याचा एक थेंबही आला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सर एकटेच तिकडे गेले. त्यांनी काय पाहिलं ते सोमवारी मधल्या सुट्टीत मला सांगितलं. सकाळच्या उन्हात गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन निघाल्या होत्या, आणि त्या ओहोळाकडे खाली जात नव्हत्या, डोंगराकडे वर जात होत्या. सर मागे धावले आणि सोमीबाईला विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, "पदरात." सर म्हणाले, "कुणाच्या पदरात?" तर ती हसलीसुद्धा नाही. "डोंगराच्या. आन् कुणाच्या?" असं म्हणून तिने कोयत्याने वर दाखवलं. कड्याच्या खाली, अर्ध्या उंचीवर, डोंगराला वळसा घालून गेलेली सपाट पट्टी. उभा कडा, मग पट्टी, मग पुन्हा कडा. त्या पट्टीला तिकडे पदर म्हणतात. सगळा मुलूख म्हणतो. त्या पदराच्या आतल्या बाजूला कड्याच्या बुडातून पाणी झिरपत होतं. बायका वाटीने भरत होत्या. एका हंड्याला अर्धा तास.

"देवरे बाई, डोंगरालाही पदर असतो," एवढंच सर म्हणाले.

 तोंडातला घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "सर, मीच तुम्हाला..." त्यांनी हात वर करून थांबवलं. "शब्द तिचा, डोंगर तिचा. आणि ती समोर उभी असताना मी विचारलं तुम्हाला. चूक माझीच." पुढच्या पंधरा वर्षांत त्यांनी या गोष्टीत माझं नाव एकदाही घेतलं नाही. गावात नाही, शाळेत नाही, आणि वहिनींजवळही नाही, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलला. टेबलावर मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे एकावर एक होते, मध्ये प्लॅस्टिकचं एक वेष्टन. सरांनी तो चहा वरच्या गठ्ठ्यावर ओतला. मी किंचाळले. "बघा, बघा," ते म्हणाले, "वरच्या गठ्ठ्यातून झिरपला, प्लॅस्टिकपाशी अडला आणि बाजूने बाहेर आला. खालचा गठ्ठा कोरडा! दोन लाव्हांच्या मध्ये लाल मातीचा थर असतो, पक्का भाजलेला. पाणी त्याच्या खाली जात नाही, त्याच्यावरून सरकत डोंगराच्या पोटातून बाहेर येतं. पदरावर. आणि मी कुठे खणलं? खालच्या गठ्ठ्यात." मग म्हणाले, "हे पुस्तकात होतं हो. मी दरवर्षी शिकवत होतो." वार्षिक परीक्षेच्या त्या चाळीस उत्तरपत्रिकांवरचे डाग मी मुख्याध्यापकांना कसे समजावले ते माझं मला माहीत.

त्या दिवसापासून सरांच्या पिशवीत एक दोनशे पानी वही आली. डोंगरातल्या माणसांचे शब्द तीत उतरायचे. पदर, सोंड, नाळ, दांड, धार. शब्द, कुणी सांगितला, कोणत्या गावी, आणि अर्थ त्याच माणसाच्या तोंडचा. लाल थराला तिकडे 'तांबडी' म्हणतात, हेही त्यात होतं. मी कधी एखादा अर्थ सुचवला तर ते नम्रपणे म्हणत, "तुमचा अर्थ सुंदर आहे," आणि लिहीत नसत.

त्या वहीत 'क' अक्षराच्या पानावर एक नोंद होती. तिची हकीकत सरांनी मला हसत सांगितली, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच बंद राहिला. घोटीच्या जीपमध्ये त्यांच्यासमोर दोन बायका बसल्या होत्या. एक दुसरीला आपल्या जावयाबद्दल सांगत होती, "लग्नाकार्याला जेवायला बरोबर हजर. लावणीला बोलावलं तं येतो का? नाय. कुळथाची इहीर हाय नुसती." दुसरी खो खो हसली. सरांनी चौकशी केली. तिकडे एक विहीर आहे म्हणे, पावसात काठोकाठ भरते, गुरं-ढोरं पितात, आणि गरजेला उन्हाळ्यात ठणठणीत. आता असल्या माणसाला सगळ्या भागात तेच म्हणतात. कुळीथ कुठून आला, तर ते त्या बाईला ठाऊक नव्हतं. कुळथाच्या वावरात असेल, म्हणाली.

सरांना ते ठाऊक होतं. कुलथे गुरुजींची विहीर, कुलथ्याची विहीर, आणि चार गावं ओलांडून कुळथाची. त्यांनी खिडकीशी बसून नोंद केली: 'कुळथाची विहीर. नको तेव्हा भरलेली, हवी तेव्हा कोरडी. फुकट गेलेले कष्ट. बिनकामाचा माणूस.' मला ते पान दाखवून म्हणाले, "तुमच्या भाषेत माझी भर पडली बघा, बाई." मला हसता आलं नाही. माणसाचं नाव मागे राहावं असं प्रत्येकाला वाटतं, पण ते असं राहणं वाईट असतं. ते पुसायला हवं, हे मला तेव्हा इतकं वाटलं की मी सरांशी दोन दिवस नीट बोलूही शकले नाही.

सरांनी पुसायचं काही ठरवलं होतं की नाही, कोण जाणे. ते दर मे महिन्यात जांभुळदऱ्याला जाऊ लागले एवढं खरं. आम्ही सगळे माहेरी, महाबळेश्वरला, फार तर निफाडला मामाच्या द्राक्षबागेत. सर जांभुळदऱ्यात. डोंगराला वळसा घालत तांबडीच्या कडेने चालत जायचे आणि कुठे कुठे मेअखेरपर्यंत ओल टिकते तिथे चुन्याने खूण करायचे. एकाच वर्षाच्या ओलीवर त्यांचा विश्वास नव्हता. तीन उन्हाळे पाहिल्यावर त्यांनी गाव जमवलं आणि सांगितलं, पदरावर अमुक जागी कड्याच्या बुडाशी टाकी खोदू, पाणी साठवू, पाइपने खाली आणू.

सोमीबाईने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं, "एकदा ऐकलं तुमचं, गुरुजी. तुमी बोट दाखवायचं आन् आमी हात मोडून घ्यायचं. आता नाय." सर म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच बोलून ते दुसऱ्या दिवशी पहार मागून पदरावर चढले आणि स्वतः खणायला लागले.

आता सरांच्या हातात पहार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बागेत गुलाबाची कुंडी हलवायची तर वहिनी शेजाऱ्यांना बोलावत. सोनाराची ती बोटं! पहिल्या मे महिन्यात त्यांनी म्हशीला बसता येईल एवढा खड्डा केला. दुसऱ्या वर्षी हातांना फोड, आणि खड्डा दोन म्हशींचा. गावातली माणसं गुरं चारता चारता पदरावर येऊन बसत आणि बघत. गुरुजी मध्येच पहार टाकून त्या चिमुकल्या हातोडीने कड्याला टिचक्या मारतात, कान लावतात, माती चाटतात, पुन्हा खणतात. करमणूक चांगली होती. तिसऱ्या वर्षी सोमीबाई हंडा भरायला आली होती. तिने बराच वेळ पाहिलं, हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "सरका तिकडं. पहार अशी धरत्यात व्हय?" दुपारपर्यंत तिचे दोन दीर आले, चार दिवसांनी सगळं गाव.

टाकी झाली तेव्हा शतक बदललं होतं. सर निवृत्त झाले, गुडघे गेले, पदरावर चढणं बंद झालं. नाशिकही बदलत होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गच्चीवर शेवटची हजेरी घेतली तेव्हा मी वर गेले होते. पटात रामशेजपुढे त्यांनी लिहिलं, 'गैरहजर.' कारणाच्या रकान्यात, 'मध्ये पाच मजली इमारत.' मग मला म्हणाले, "तो आलेला आहे हो. आपल्याला दिसत नाही, त्यात त्याची काय चूक?" आणि खोडून 'हजर' केलं.

पाइप आला सिन्नरहून. तिथल्या वसाहतीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा पाइपचा कारखाना आहे, नववीत भूगोलात नापास झालेला. तो म्हणाला, सर, तेव्हा पास केलं असतं तर मी पुढे शिकत बसलो असतो. पाइप गावापर्यंत उतरला, पण पाणी करंगळीएवढं. दिवसरात्र वाहणारं, पण बारीक. बायकांना पुन्हा रांगेत बसणं आलं. वरची टाकी उथळ, आणि गावात मोठी टाकी बांधायला पैसे नव्हते. सर उदास झाले. ओट्यावर बसून त्यांनी पुन्हा नकाशा काढला. मला आठवतंय, मी त्या वेळी तिथे होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना एकटं पाठवायला वहिनी तयार नव्हत्या आणि मला मे महिन्यात दुसरं काम नव्हतं.

सोमीबाईने नकाशाकडे पाहिलंही नाही. "टाकी कशाला बांधताव? ती हाय की तुमची इहीर. खाली निबार कातळ. पावसाचं पाणी आमी पिऊन संपवतो म्हणून संपतं, झिरपून थेंब जात नाय. वरून धार सोडली तं जाईल कुठं?"

सरांनी नकाशाची घडी घातली. इतकं खुळ्यासारखं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कातळ पाणी देत नाही," ते म्हणाले, "म्हणजे घेतही नाही. तीस वर्षं भूगोल शिकवला हो मी!" त्यांनी खिशातली हातोडी काढली आणि सोमीबाईच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली, म्हणाली, "एवढ्यानं काय सुपारी फुटंल?" आणि परत केली.

पाइप विहिरीत सोडला त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. काठावर आम्ही दोघीच होतो. सर खाली वाकून धारेचा आवाज ऐकत होते. म्हटलं, "सोमीबाई, तुम्ही पदरात पाणी आहे म्हणाला होतात, तेव्हा गुरुजींना चुकीचा अर्थ मी सांगितला. ते माझं नाव घेत नाहीत, पण चूक माझी आहे. तुमचा सगळा उन्हाळा माझ्यामुळे गेला."

 मग तिने माझ्या खांद्यावरून साडीचा पदर ओढला, तळहातावर त्याच्या घड्या घातल्या, एक उभी, एक आडवी, एक उभी, एक आडवी. "ह्यो कडा, ह्यो पदर. ह्यो कडा, ह्यो पदर. एवढं बी म्हाईत नव्हतं?" मी मान हलवली. "आन् पोरींना शिकवताव," असं म्हणून तिने तो पदर परत माझ्या खांद्यावर टाकला आणि नीट केला. त्यात राग मुळीच नव्हता. मी विहिरीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यातच, सर आणि मी जांभुळदऱ्याहून परतत होतो. विहीर काठाखाली दोन हात होती, भर उन्हाळ्यात. सर थकले होते, हातात काठी आली होती, पण पिशवीत ती वही होती. घोटीच्या जीपमध्ये आमच्यासमोर एक म्हातारी आणि तिची सून बसली होती. सून कुणावर तरी रागावलेली दिसत होती, बहुधा नवऱ्यावर. तो कामाला बाहेर गेलेला आणि परत यायचं नाव नाही. म्हातारी तिची समजूत काढत होती. "येईल गं. माझं पोर मला म्हाईत. कुळथाची इहीर हाय ते."

 मी सरांकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी मला विचारलं नाही. काठी गुडघ्यांमध्ये धरून ते पुढे झुकले आणि म्हातारीला म्हणाले, "आजी, कुळथाची विहीर म्हणजे काय हो?"

"लय उशिरा भरती, गुरुजी," म्हातारी म्हणाली. "पन भरली की आटत नाय."

सरांनी वही काढली. जुनं पान उघडलं. आधीचा अर्थ खोडला नाही, त्याच्याखाली आकडा घालून म्हातारीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. जीप हलत होती, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं. मग त्यांनी विचारलं, "आणि कुळीथ कसा आला यात?"

"तिथं कुळीथ पेरत असतील पूर्वी," म्हातारी म्हणाली.

सरांनी तेही लिहिलं. 'व्युत्पत्ती: तेथे पूर्वी कुळीथ पेरत.'

मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "सर, हे चूक आहे. तुम्हाला माहीत आहे ते तुमचं नाव आहे. निदान तुमच्या वहीत तरी खरं लिहा."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "शब्द तिचा आहे, बाई," ते म्हणाले, "ती सांगेल तेच लिहायचं." आणि वही बंद करून खिडकीबाहेर पाहायला लागले. उन्हात त्र्यंबकची रांग स्पष्ट दिसत होती, पदरावर पदर. ओठांत काहीतरी पुटपुटत होते, बहुधा हजेरी घेत असावेत. घोटीला उतरताना मी त्यांना हात दिला, आणि नाशिकला त्यांच्या दारापर्यंत पोचवलं. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.